आठ बाइट्सचा घोळ

ऐरोलीच्या घरी फायबर घेतलं, जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून त्याचाच राउटर केला, सगळं मस्त चालू झालं, फक्त एका साइटचं लॉगिन पेज नुसतं गोल गोल फिरत बसायचं. पिंग जातंय, मेसेज जातायत, मोबाईल डेटावर तीच साइट लगेच उघडते, मग घरच्या वायफायवरच काय होतं?

तर इथरनेटवर एक पॅकेट 1500 बाइट्सपर्यंत चालतं, पण आमचं कनेक्शन पीपीपीओईवालं (युजरनेम-पासवर्ड टाकून जोडायची पद्धत), ते प्रत्येक पॅकेटमध्ये स्वतःसाठी 8 बाइट्स खातं, म्हणजे उरले 1492. हे फोनला माहीतच नसतं. तो पहिल्याच, कनेक्शन सुरू करणाऱ्या सिन पॅकेटमध्ये सर्व्हरला सांगून टाकतो की एका पॅकेटमध्ये 1460 बाइट्सपर्यंत डेटा पाठव (1500 मधून आयपी आणि टीसीपी या दोन हेडरचे, म्हणजे पत्ता वगैरे माहितीचे, 20-20 असे 40 गेले). सर्व्हर तेवढा पाठवतो आणि पॅकेट वाटेत अडकतं. खरं तर 'मोठं आहे, लहान कर' असा आयसीएमपी निरोप (नेटवर्कमधल्या अडचणी कळवायचा मेसेज) सर्व्हरला जायला हवा, पण बरेच फायरवॉल तोच अडवतात. म्हणजे एपीएमसीला निघालेला उंच भरलेला ट्रक बॅरियरला अडला, पण गोडाऊनला फोनच लागत नाही म्हणून तिकडून तसेच ट्रक येत राहतात.

इथे राउटरचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कामाला येतो. लिनक्समध्ये 2001 च्या 2.4 पासून नेटफिल्टर ही पॅकेट तपासायची आणि बदलायची सोय आहे, पॅकेटच्या वाटेवर पाच ठिकाणी थांबे आहेत आणि दुसऱ्याचं, नुसतं आपल्यातून जाणारं पॅकेट 'फॉरवर्ड' थांब्यावर सापडतं. तिथे कर्नल सिन पॅकेटमधले 1460 खोडून 1452 (1492 मधून 40 गेले) लिहितो, बस्स.

पण आकडा बदलला की टीसीपीचा चेकसम (पॅकेट वाटेत बिघडलं नाही ना हे तपासायचा आकडा) चुकतो, आणि चुकलेलं पॅकेट समोरचा काही न बोलता टाकून देतो. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की कर्नल अख्खी बेरीज परत करत नाही! चेकसम म्हणजे बेरजेचा उलटा आकडा, त्यामुळे आत 8 कमी झाले तर चेकसममध्ये 8 वाढवायचे, हातचा आला तर तो परत शेवटी मिळवायचा. एवढंच. एनएटीमध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्यांसाठी एकच बाहेरचा पत्ता वापरताना, पत्ता बदलतो तेव्हापण हीच युक्ती.

एक ओळीचा रूल टाकला आणि पेज उघडलं. आयपीव्ही6 ला (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) मात्र वेगळा रूल लागला, तिथलं आयपी हेडर 20 ऐवजी 40 बाइट्सचं, म्हणून आकडा 1432.