धिंगरीच्या पिशवीत नेमकं काय चालतं

पावसाळा लागला की आमच्या बाल्कनीच्या कोपऱ्यात धिंगरीची, म्हणजे ऑयस्टर मशरूमची, एक तयार पिशवी टांगली जाते. आत दाबून भरलेला गव्हाचा भुसा असतो आणि तो इतका पांढरा पडलेला असतो, की पाहुणे म्हणतात, "अहो, याला बुरशी आलीय." बुरशीच आहे ती. पैसे तिचेच दिलेले असतात.

अळिंबी म्हणून आपण खातो ते या जिवाचं फळ. 'झाड' म्हणावं तर ते आत, काडीकाडीत शिरलेलं पांढऱ्या तंतूंचं जाळं. त्याला हरितद्रव्य नाही, स्वतःचं अन्न तयार करता येत नाही. म्हणून हे तंतू विकरं (पचन घडवणारी रसायनं) बाहेर सोडतात, काडीतलं सेल्युलोज आणि लिग्निन तिथल्या तिथे पचवतात आणि विरघळलेलं शोषून घेतात. लाकडाला कडकपणा देणारं हे लिग्निन गाईम्हशींनाही पचत नाही. धिंगरीला पचतं, म्हणून तर ती रानात मेलेल्या ओंडक्यांवर वाढते.

ओंडक्यात नत्र मात्र फारच कमी. ती उणीव धिंगरी कशी भरून काढते हे मला तिच्याबद्दलचं सगळ्यात विलक्षण सत्य वाटतं. ती शिकार करते! तंतूंवरच्या विषाने सूत्रकृमींना, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक किड्यांना, लुळं पाडते आणि त्यांच्या शरीरात तंतू घुसवून त्यांना पचवते. कॅनडातल्या थॉर्न आणि बॅरन या संशोधकांनी १९८४ साली हे जगासमोर मांडलं.

तयार पिशवीत अवघड काम आधीच झालेलं असतं. इतर बुरश्या माराव्यात म्हणून भुसा गरम पाण्यातून काढलेला असतो, धान्याच्या दाण्यांवर वाढवलेलं स्पॉन, म्हणजे या बुरशीचं बियाणं, त्यात मिसळलेलं असतं आणि दोन-तीन आठवडे पिशवी अंधारात राहिलेली असते. आपण फक्त ब्लेडने चीर द्यायची. आतली हवा कार्बन डायऑक्साइडने भरलेली असते. चिरेतून ताजी हवा, थोडा उजेड आणि ओल पोचली की तंतूंना खूण पटते, लाकडाचा पृष्ठभाग आला, आता बीजाणू, म्हणजे बियांसारखे सूक्ष्म कण, वाऱ्यावर सोडता येतील. आणि फळं धरू लागतात.

पहिल्या वर्षी मी पिशवी जपायच्या नादात ती बंद कपाटात ठेवली. देठ बोटभर लांब आले आणि वर छत्री शर्टाच्या बटणाएवढी. वारा मिळेपर्यंत देठ नुसते वाढत सुटले होते. तेव्हापासून पिशवी खेळत्या हवेत असते, फक्त थेट ऊन लागू देत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी चिरेच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके दिसतात. दुसऱ्या दिवशी ते मुगाएवढे, मग नखाएवढे, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत शिंपल्यांसारखा घोस. एवढी घाई शक्य होते कारण या वाढीत मोठा वाटा पेशी पाण्याने फुगण्याचा असतो. ताज्या धिंगरीत सुमारे ९० टक्के पाणीच असतं. म्हणून दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा हवा, पण तो पिशवीभोवती. कोवळ्या कोंबांवर पाणी साचलं की ते पिवळे पडून सडतात.

छत्रीची कड खाली वळलेली असतानाच घोस हलके पिळून काढावा. उशीर झाला की खाली पांढरी पूड पडते. ते बीजाणू. श्वासातून सतत गेले तर अ‍ॅलर्जी होऊ शकते, तेव्हा पिशवी झोपायच्या खोलीत नकोच. हिरवा डाग दिसला तर ती दुसरी बुरशी, पिशवी सरळ घराबाहेर काढा.

धिंगरी नेहमी शिजवूनच खा. तिच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच, आणि ते कच्चं पचायला जड. शिजवण्याआधी काही वेळ सूपासारख्या पसरट भांड्यात, छत्रीखालचे पातळ पडदे वर येतील अशी उलटी करून, उन्हात ठेवा. उन्हाने तिच्यातल्या एर्गोस्टेरॉल या पदार्थाचं ड२ जीवनसत्त्व बनतं.

गोव्यात पावसाळ्यात चढ्या भावाने विकली जाणारी वारुळावरची अळंबी अशी पिशवीत का मिळत नाही, असं बरेच जण विचारतात. तिची शेती वाळवी करते, वारुळात, स्वतःच्या पोषणासाठी. ती भागीदारी माणसाला अजून उभी करता आलेली नाही.

दोन-तीन बहार येऊन गेले की आमची पिशवी हातात हलकी लागते. सुरुवातीला बोटांना टोचणारी काडी आता चिमटीत धरली की भुगा होते. तो भुगा मी मिरचीच्या कुंडीत घालते.