पुट्टी की सीम सीलर? गंजलेल्या पत्र्याला कुठे काय लावायचं

पेंटच्या दुकानात जाऊन "गाडीचा पत्रा गंजलाय, वॉटरप्रूफ काहीतरी द्या" म्हटलं की काउंटरवर दोन वेगळ्या वस्तू येऊ शकतात. एक पुट्टीचा डबा, सोबत हार्डनरची छोटी ट्यूब. दुसरी गनमध्ये बसवून दाबायची सीम सीलरची, म्हणजे पत्र्यांचे जोड बुजवणाऱ्या सीलरची नळी. दोन्हींनी फट बुजते, दोन्हींवर रंग बसतो, दोन्हींबद्दल "पाणी लागू देत नाही" असं सांगितलं जातं. मग जे हाताशी असेल ते वापरलं जातं. पण या दोघांची कामं इतकी वेगळी आहेत की एकाच्या जागी दुसरं लावलं तर गंज थांबत नाही, नुसता झाकला जातो. आतली ओल वाळायला वाव राहत नाही आणि पत्रा आतून सडत जातो.

कुठे काय लावायचं हे जागा बघून ठरवायचं. पत्रा सलग आहे आणि गंज खरवडल्यावर त्यात खड्डा राहिलाय, तर पुट्टी. दोन पत्रे एकमेकांवर चढलेत आणि मध्ये फट आहे, तर सीलर. पत्र्याला आरपार भोक पडलंय, तर पुट्टी नको आणि सीलरही नको, तिथे आधी नवा पत्रा लागतो.

डेंटिंगवाले वापरतात ती नेहमीची पुट्टी पॉलिएस्टर रेझिनची असते. हे रेझिन स्टायरीनमध्ये विरघळवलेलं असतं. डबा उघडल्याबरोबर नाकात शिरणारा वास त्याचाच. त्यात शंखजिऱ्याची पूड, म्हणजे टाल्क, भरपूर घातलेली असते. हार्डनर बेंझॉइल पेरॉक्साइडचा, वजनाच्या साधारण २ टक्के: १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम. मिसळल्यावर २५ अंश तापमानाला हातात चार-पाच मिनिटं मिळतात, मे महिन्याच्या दुपारी त्याहून कमी. म्हणून एका वेळी थोडीच पुट्टी कालवायची. लवकर घट्ट व्हावी म्हणून हार्डनर वाढवू नये. जास्तीचा पेरॉक्साइड नंतर वर येतो आणि रंगावर पिवळट डाग पडतात.

शंखजिऱ्यामुळे ही पुट्टी घासायला मऊ असते. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आकार काढा, १८० आणि ३२० ने गुळगुळीत करा, अर्ध्या दिवसात पत्रा पूर्ववत दिसतो. आकार परत देण्याच्या बाबतीत पुट्टीला तोड नाही. पण तेच शंखजिरं ओल शोषून घेतं. घासलेल्या पुट्टीचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो. त्यावर प्रायमर न मारता गाडी रात्रभर दमट हवेत उभी ठेवली, तर ओल आत जाते आणि मग रंगाखाली अडकून बसते. आपल्याकडे पाणी मारून पेपर घासायची पद्धत आहे. रंगासाठी आणि प्रायमरसाठी ती उत्तम, पण उघड्या पुट्टीवर ती करू नये. चांगल्या कारागिराच्या हातूनही हे सवयीने होतं आणि मेहनतीचं काम पुढच्या पावसाळ्यात फुगून येतं, याचं मला फार वाईट वाटतं. पुट्टी कोरडीच घासायची, तोंडाला मास्क लावून, आणि त्याच दिवशी प्रायमरखाली झाकायची.

'वॉटरप्रूफ' म्हणून मिळते ती पुट्टी याहून वेगळी. तिच्यात काचेचे बारीक तंतू असतात किंवा ॲल्युमिनियमची पूड असते, नाहीतर ती मुळात इपॉक्सीची असते. तंतूवाली पुट्टी साध्या पुट्टीइतकं पाणी धरत नाही आणि मजबूतही असते. मात्र ती घासताना घाम निघतो, आणि पृष्ठभाग खरखरीत राहतो. त्यामुळे खाली तंतूवाली आणि वर साध्या पुट्टीचा पातळ हात, असं दोन टप्प्यांत काम करतात. गंजाने खोलवर खाल्लेल्या पण अजून सलग असलेल्या पत्र्याला हीच लावावी.

तरी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: पुट्टी वॉटरप्रूफ असली तरी ती फक्त समोरून येणारं पाणी अडवते. गाडीचा पत्रा बहुतेक वेळा आतून गंजतो. चाकाच्या कमानीत चिखल साठतो, दरवाजाच्या आत काचेवरून ओघळलेलं पाणी उतरतं, दरवाजाखालच्या रनिंग बोर्डच्या पोकळीत ओल राहते. रंगावर पहिला फोड दिसतो तेव्हा आतली बाजू बरीच पुढे गेलेली असते. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो, आणि त्या फुगण्यानेच रंग उचलला जातो. अशा ठिकाणी बाहेरून भोकावर पुट्टी थापली की तिची पाठ थेट त्या ओल्या पोकळीकडे उघडी राहते. ती मागून ओल घेते, भोकाच्या कडा गंजत राहतात आणि एक दिवस अख्खी चकती सुटून हातात येते. गाडीच्या पत्र्याची जाडीच ०.७ ते ०.८ मिलीमीटर. त्यातला किती शिल्लक आहे हे डोळ्यांना कळत नाही, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघावं लागतं. टोक आत गेलं तर तिथे आता नुसता गंज आहे.

एम-सीलबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण घरोघरी गळतीवर पहिला हात त्याच्यावर जातो. दोन गोळे मळून लावायचं हे इपॉक्सी. नळाच्या पाइपावर, टाकीच्या तोटीपाशी ते वर्षानुवर्षं टिकतं. पण सुकल्यावर ते कडक होतं, म्हणजे पुट्टीच्या घराण्यातलं. पत्र्याच्या जोडात त्याचीही गत पुट्टीसारखीच होते.

ती गत का होते, ते समजून घेतलं की सीलरचं महत्त्व कळतं. गाडीची बॉडी म्हणजे अनेक पत्रे स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे ठरावीक अंतरावर ठिपक्यांनी, टाचलेले. दोन ठिपक्यांच्या मध्ये पत्रे एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. रस्त्यातल्या खड्ड्यांनी बॉडी पिळते, दरवाजा आपटला की हादरा बसतो, उन्हात पत्रा पसरतो, रात्री आक्रसतो. पोलादाचा पत्रा १ अंश तापमानाला मीटरमागे ०.०१२ मिलीमीटर लांबतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पडवीवरचा ३ मीटरचा पत्रा ३० अंशांच्या फरकाने १ मिलीमीटरच्या वर सरकतो, आणि हे रोज घडतं. अशा हलत्या जोडात कडक पदार्थ भरला तर त्याला केसासारखी चीर जातेच. त्या चिरेतून पाणी आत ओढलं जातं, पण बाहेर पडत नाही.

जोडातला गंज जास्त घातक असतो तो यामुळेच. अरुंद फटीत पाणी शिरलं की तिथला प्राणवायू लवकर संपतो, बाहेरच्या पाण्याला मात्र तो मिळत राहतो. या फरकातून एक सूक्ष्म विद्युतघट तयार होतो आणि त्यात प्राणवायू कमी असलेली आतली बाजू झिजते. पाण्यात मीठ असेल तर हे आणखी वेगाने होतं. रत्नागिरी, मालवण, अलिबागकडच्या गाड्यांना वरून २००० मिलीमीटरच्या वरचा पाऊस आणि एरवी खारा वारा, असं दोन्ही सोसावं लागतं. तिथल्या गाड्यांच्या पत्र्याच्या शिवणी, म्हणजे जोड, आधी जातात आणि सपाट भाग मागाहून, त्याचं कारण हेच.

सीम सीलर सुकल्यावरही रबरी राहतो. पत्र्याबरोबर ताणला जातो, दबला जातो, पण दोन्ही कडांची पकड सोडत नाही. बाजारात जास्त करून पॉलियुरेथेनचा मिळतो, त्यापेक्षा थोडा महाग एमएस पॉलिमरचा. दोन्ही एकाच नळीत येतात, हार्डनर लागत नाही. हवेतली आर्द्रता हाच त्यांचा हार्डनर. म्हणून ते बाहेरून आत सुकत जातात: अर्ध्या तासाच्या आत वर कातडी धरते, पण खाली दिवसाला साधारण ३ मिलीमीटरच सुकतं. दमट कोकणात काम लवकर होतं, विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो. उघडलेल्या नळीचं तोंड महिनाभराने घट्ट झालेलं सापडतं, तेही यामुळेच. पॉलियुरेथेनच्या सीलरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला आणि त्वचेला त्रासदायक रसायन असतं, तेव्हा दारं-खिडक्या उघडून आणि हातमोजे घालूनच तो लावावा.

हा सीलर घासता मात्र येत नाही. पेपर लावला की तो फाटतो, लोंबतो. बोटाने किंवा ब्रशने ओला असतानाच नीट बसवून घ्यायचा, नंतर आकार देण्याची सोय नाही. त्यामुळे बॉनेटवरच्या किंवा दरवाजाच्या मधल्या खड्ड्यात सीलर भरणं व्यर्थ. तो रंगाखाली कायम मऊ राहतो, आणि त्या जागी रंगाला सुरकुत्या पडतात किंवा तडे जातात.

बाथरूमचं सिलिकॉन सीलर म्हणून वापरायचा मोह टाळा. त्यावर रंग धरत नाही, आणि त्याचा अंश आजूबाजूच्या पत्र्यावर राहिला तर तिथल्या रंगातही माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, तेही नेमकं उघड्या लोखंडावर.

आता दोन्ही एकाच जागी लागतात ते काम बघू: मागच्या चाकाची कमान. बाहेरचा पत्रा कमानीच्या कडेला आत दुमडलेला असतो आणि आतल्या पत्र्याला टाचलेला असतो. म्हणजे इथे सपाट भागही आहे आणि जोडही. आधी ग्राइंडरला वायर ब्रश किंवा फ्लॅप डिस्क लावून चकचकीत धातू दिसेपर्यंत गंज काढायचा, फोडाच्या कडेपासून चांगला दोन-तीन बोटं पुढे जाऊन. जिथे पत्रा गेलाय तो भाग कापून नवा तुकडा वेल्ड करायचा. खड्ड्यांच्या तळाशी राहिलेल्या काळ्या ठिपक्यांसाठी रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजाचं स्थिर थरात रूपांतर करणारं द्रावण, चालतो. तो फॉस्फोरिक ॲसिडचा असेल तर डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुऊन पूर्ण कोरडं करायचं, कारण ॲसिडचा अंश राहिला तर वरची पॉलिएस्टर पुट्टी नीट घट्ट होत नाही. ॲसिडवाल्या 'एच' (etch) प्रायमरवरही पुट्टी लावत नाहीत, त्याचं कारण तेच.

मग इपॉक्सी प्रायमर. गंज रोखण्याचं खरं काम याचं आहे, पुट्टीचंही नाही आणि सीलरचंही नाही. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे कुठेही वाचवा, इथे नको. आपल्याकडे ग्रिल-गेटला रेड ऑक्साइड मारतात, गाडीच्या पत्र्यासाठी तेवढं पुरत नाही. प्रायमर सुकल्यावर त्याला पेपरने हलकं खरवडून सपाट भागावर पुट्टी लावायची, तीही ३ मिलीमीटरच्या आतच. त्याहून जाड थर लागत असेल तर आधी पत्रा ठोकून वर आणायला हवा. पुट्टी जोडाच्या रेषेवर चढू द्यायची नाही. ती घासून झाली, तिच्यावर प्रायमर बसला की मग आतल्या बाजूच्या शिवणीत सीलरची सलग, न तुटलेली रेघ ओढायची. सीलरही उघड्या पत्र्यावर लावत नाहीत, तो प्रायमरवरच धरतो. शेवटी रंग. आणि कमानीच्या पाठीमागे, जिथे हात आणि ब्रश पोचत नाही, तिथे कॅव्हिटी वॅक्सचा फवारा. हे मेण पोकळीतल्या बारीक फटींत ओघळून जातं. पुट्टी किंवा सीलर तिथपर्यंत कधीच पोचत नाही.

दरवाजाच्या तळाची शिवण सील करताना विशेष जपावं लागतं. तळाला पाणी वाहून जायला लहान भोकं ठेवलेली असतात. गंज दिसला म्हणून उत्साहाने खालची सगळी कड सीलरने बंद केली, तर दरवाज्यात पाणी साठतं. सील करायच्या आधी भोकांत आगपेटीच्या काड्या खोचून ठेवा, सीलर कातडी धरला की काढून घ्या. नंतर काचेवर तांब्याभर पाणी ओता आणि ते खालून बाहेर येतंय ना ते बघा.

पडवीच्या पत्र्यालाही हाच विचार लागू होतो. दोन पत्रे जिथे एकमेकांवर चढतात तिथे सीलर किंवा ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी. स्क्रूपाशी गळत असेल तर आधी त्याचा रबरी वॉशर बदला. पुट्टीला छपरावर काही काम नाही, कारण तिथे आकार सुबक दिसण्याची गरजच नसते.

राहिली ती ठिकाणं, जिथे दोन्हींपैकी काहीच चालत नाही. रनिंग बोर्डची पेटी, सस्पेन्शन जिथे बसतं तो भाग, सीटबेल्टचा नट ज्यात आवळलेला असतो तो पत्रा, चासी. अपघातात भार घेणारे हे भाग आहेत. तंतूवाल्या पुट्टीने तिथे बाहेरून कितीही नीटस काम केलं, तरी धडक बसल्यावर ती भार पेलणार नाही. १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायला गाडी फिटनेसला न्यायची म्हणून अनेक जण घाईघाईत हेच भाग भरून, रंगवून घेतात. कृपा करून तसं करू नका. त्या गाडीत मागच्या सीटवर घरचीच मुलं बसणार असतात. जुनी गाडी विकत घेणार असाल तर कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक बरोबर न्या आणि कमानी, दरवाज्यांचे तळ, रनिंग बोर्ड यांवरून फिरवा. पुट्टीचा जाड थर असेल तिथे त्याची ओढ एकदम कमी होते.