संकटहाकेतील स्थान : जीपीएस आणि सागरी रेडिओ

अडचणीत सापडलेल्या बोटीने उपग्रहांवरून मिळालेले आपले स्थान रेडिओने बचावयंत्रणेला कळवण्याची पद्धत. तिला दोन यंत्रे लागतात : जीपीएस रिसीव्हर आणि डीएससी, म्हणजे डिजिटल हाकेची सोय असलेला व्हीएचएफ (जवळपासच्या अंतराचा रेडिओ) संच. घोटाळे बहुधा या दोघांच्या मधल्या वायरीत किंवा आकडे वाचणाऱ्या माणसाकडून होतात; यंत्रे सहसा दगा देत नाहीत.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी. उंचीवरून फिरतात. नागरी संकेतांत अमेरिका मुद्दाम मिसळत असलेली चूक २ मे २००० रोजी थांबली आणि शंभर मीटरपर्यंत भरकटणारे स्थान दहाएक मीटरच्या आत आले. आज मोकळ्या आकाशाखाली साधा रिसीव्हरही पाचएक मीटरपर्यंत बरोबर असतो; वास, इग्नॉस, गगन यांसारख्या सुधारणा-यंत्रणांचे संकेत मिळाले तर त्याहूनही सरस. उरलेली चूक आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात) होणारा विलंब, धातूवरून परतणारे संकेत आणि उपग्रहांची आकाशातली मांडणी यांमुळे येते. पडद्यावरचा एचडीओपी हा आकडा मांडणीचा दर्जा सांगतो : १ ते २ उत्तम, ५ च्या वर गेला तर स्थानावर विसंबू नये. अँटेना डोलकाठीच्या टोकाला बसवण्याचा मोह टाळावा. बोट डुलली की ती टोकाला कित्येक मीटर झुलते, आणि वेग व दिशेचे आकडे नाचू लागतात. डेकवर, आकाश मोकळे दिसेल अशी खालची जागा बरी.

पाच मीटरांची चूक क्वचितच कुणाला बुडवते. आकडे वाचण्यातली चूक मात्र मोठी असते. पडद्यावर १२° ३४.५०′ असे दिसत असताना ते ‘बारा अंश, चौतीस मिनिटे, पन्नास सेकंद’ असे वाचले, तर अक्षांश २० सेकंदांनी, म्हणजे सुमारे ६१७ मीटरने सरकतो. म्हणून ‘दशांश’ हा शब्द स्पष्ट उच्चारावा आणि प्रत्येक अंक सुटा सांगावा. जुन्या कागदी नकाशाचा आधार डब्ल्यूजीएस-८४ (जीपीएस वापरते ती पृथ्वीवरची मोजपद्धती) नसेल, तर त्यावरचे आणि जीपीएसचे स्थान काही ठिकाणी शेकडो मीटरने जुळत नाही. नकाशावरची टीप आधी वाचावी.

डीएससी हाक चॅनेल ७० वरून जाते. तिच्यात बोटीचा नऊ अंकी एमएमएसआय (रेडिओवरची ओळख) क्रमांक, संकटाचा प्रकार, स्थान आणि वेळ असते, पण स्थान असेल तर! जीपीएसची वायर जोडलेली नसेल आणि स्थान हातानेही भरले नसेल, तर त्या जागी नुसते नऊचे आकडे जातात : कोण बुडते आहे हे कळते, कुठे ते कळत नाही. नेहमीचे दोष तीन. एका यंत्राची पाठवणारी वायर दुसऱ्याच्या पाठवणाऱ्याच वायरीला जोडलेली असते. एक यंत्र ४८०० आणि दुसरे ३८४०० बॉडवर (माहिती पाठवण्याच्या वेगावर) असते. किंवा प्लॉटरचा (जीपीएसचे स्थान नकाशावर दाखवणाऱ्या पडद्याचा) स्विच वेगळा असून तो बंद असतो. व्हीएचएफच्या पडद्यावर अक्षांश-रेखांश आणि चालू वेळ दिसते का, हे धक्का सोडण्यापूर्वी पाहिले की तिन्ही दोष पकडले जातात.

संकटात लाल बटणावरचे झाकण उचलून, सवड असल्यास संकटाचा प्रकार निवडून, बटण सुमारे पाच सेकंद दाबून धरतात. पोच मिळेपर्यंत संच साधारण चार मिनिटांनी हाक पुन्हा पाठवत राहतो. पंधराएक सेकंद पोचेची वाट पाहून चॅनेल १६ वर पूर्ण २५ वॅटने बोलावे : ‘मेडे’ (संकटाची खूण असलेला शब्द) तीनदा, बोटीचे नाव तीनदा, कॉलसाइन (बोटीचे रेडिओवरचे अक्षरी नाव) व एमएमएसआय, मग पुन्हा मेडे व नाव, स्थान, काय झाले, कोणती मदत हवी, बोटीवर किती माणसे, आणि ‘ओव्हर’. स्थान आधी सांगावे. बॅटरीत पाणी शिरून वाक्य अर्धवट तुटले तरी शोधायची जागा कळलेली असते.

व्हीएचएफला वॅटपेक्षा उंची जास्त उपयोगी. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ गुणिले ४.१ हा तिच्या टप्प्याचा किलोमीटरमधला अंदाज; दोन्ही टोकांचे टप्पे मिळवायचे. ४ मीटरवरची अँटेना ८ किमी., किनाऱ्यावरची १०० मीटरवरची ४१, म्हणजे एकूण ४९. हातात धरलेला संच जेमतेम ४-५ किमी.ची भर घालतो.

चुकून हाक गेली तर गुपचूप संच बंद करून बसू नये. संचावर हाक रद्द करून चॅनेल १६ वर सर्व केंद्रांना नाव, एमएमएसआय व वेळ सांगून ती चुकीची होती असे जाहीर करावे, नाहीतर शोध सुरू होतो.

व्हीएचएफच्या टप्प्याबाहेर ४०६ मेगाहर्ट्झचा इपर्ब हा बीकन कामी येतो. नुसत्या डॉप्लरने (उपग्रहाच्या गतीमुळे लहरीत पडणाऱ्या फरकावरून) त्याचे स्थान सुमारे ५ किमी.च्या आत ठरते, अंगचे जीपीएस असल्यास शंभरएक मीटरच्या. उपग्रहांनी बीकनची १२१.५ मेगाहर्ट्झची लहर ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले. ती लहर आता जवळ आलेल्या शोधपथकाला दिशा दाखवण्यापुरती आहे. बीकनची नोंदणी बोटीच्या मालकाच्या नावे असते. बोट विकताना ती बदलली नाही, तर बचावकेंद्राचा पहिला फोन जुन्या मालकाला जातो.