दुष्काळी कामं आणि हिशेबनीस : सोलापूरची पार्श्वभूमी

गरिबी निवारणाच्या योजनांचा विषय निघाला की मंत्री आठवतात, कलेक्टर आठवतात, फार तर ग्रामसेवक. लेखापाल कुणाला आठवत नाही. सोलापूर जिल्ह्यात मात्र गरिबाच्या चुलीशी त्याचा संबंध दीडशे वर्षांचा आहे.

1876 ते 78 च्या दुष्काळात इथं सरकारी कामं निघाली. आष्टीचा तलाव त्यातलाच. त्या वेळी दुष्काळी कामांवर देखरेखीसाठी ब्रिटिश सरकारनं पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचं रोजचं धान्य एक पौंडावर आणलं, म्हणजे जेमतेम 450 ग्रॅम, आणि वर एक आणा. कारकुनाची वही तेव्हा खजिना राखायला होती. राबणाऱ्याचं पोट भरलं का, याचा रकाना तिच्यात नव्हता.

1972 चा दुष्काळ सोसलेल्यांच्या तोंडी दोन शब्द हमखास येतात, सुकडी म्हणजे दुष्काळात वाटलेलं कोरडं पौष्टिक खाणं, आणि मस्टर म्हणजे मजुरांचा हजेरीपट. पाझर तलावावर, नालाबांधावर मस्टर कारकून नावं पुकारायचा आणि हजेरी मांडायचा. मग टेप लावून चौकड्या, म्हणजे खोदलेले चौकोनी खड्डे, मोजल्या जायच्या, आकडे मोजमाप पुस्तकात चढायचे. हजेरीचे दिवस, झालेलं काम आणि दर यांचा मेळ बसला की पगार. खाडाखोड दिसली की मस्टर परत, आणि मस्टर परत गेलं की आठवड्याचा बाजार चुकला. अंगठा उठवणाऱ्या बाईला त्या कागदावर काय लिहिलंय हे कळायला मार्ग नव्हता.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेला व्यवसाय कर माळावरच्या मजुराला मिळू लागला. मला यातला मोठा बदल वाटतो तो हा, की मस्टर आता मजुराच्या हक्काचा पुरावा झालं.

पुढे 1980 मध्ये गरीब कुटुंबांना धंद्यासाठी कर्ज आणि अनुदान देणारा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर गेला, तो राबवायला जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा आल्या आणि अनुदान, बँक कर्ज यांचे हिशेब वाढले.

केंद्राचा रोजगार हमी कायदा 2008 पासून सगळ्या जिल्ह्यांत आला. मजुरी आणि साहित्याचं प्रमाण 60:40, मजुरी पंधरा दिवसांत, आणि पैसे थेट खात्यावर. त्यासाठी दोन डिजिटल सह्या लागू लागल्या, त्यातली पहिली सहसा लेखा बाजूची. रोकड वाटताना होणारी कापाकापी यामुळे आटली, हे खरंच चांगलं झालं. पण आधार आणि पासबुकावरच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी मजुरी अडकायची. ती सोडवायला कुणीतरी खुर्चीवरून उठून चौकशी करावी लागते. माझ्या मते लेखापालाचं खरं काम तिथं आहे.

उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटांत ही जबाबदारी गावातल्याच बाईकडे आली. गटाच्या पाच नियमांना पंचसूत्री म्हणतात, त्यातलं पाचवं सूत्रच अद्ययावत लेखे. बैठकीत ती वही मोठ्यानं वाचते, कुणाची बचत किती, कुणाचा हप्ता राहिला. जिला वाचता येत नाही तिलाही आपला आकडा कानांनी ऐकता येतो, आणि चुकला तर तिथल्या तिथं दुरुस्त करून घेता येतो.