योजना देऊ केली कोणाला आणि घेतली कोणी: सामाजिक योजनांच्या मूल्यमापनातील एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

सामाजिक योजनांच्या मूल्यमापनात एकाच परिणामाचे दोन आकडे छापण्याची रीत आता रुळली आहे. एक आकडा ज्यांना योजना देऊ केली त्या सगळ्यांवरचा, दुसरा ज्यांनी ती प्रत्यक्षात घेतली त्यांच्यापुरता. दुसरा पहिल्याच्या दुप्पट असतो, कधी चौपट. दोन्ही एकाच पाहणीतून निघतात आणि हिशोब दोन्हींचा बरोबर असतो. योजनेचा उदोउदो करायचा असेल तर अर्थातच मोठा आकडा पुढे केला जातो.

तुलनेसाठी वेगळा गट हवा, ही समज जुनी आहे. अमेरिकेत बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि समरव्हिलमध्ये 1939 पासून काही वर्षे 506 मुलांवर एक प्रयोग चालला. सारख्या परिस्थितीतल्या मुलांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीत नाणे उडवले. एकाला मार्गदर्शक, शिकवणी, वैद्यकीय मदत आणि शिबिरे मिळाली, दुसऱ्याला यातले काही नाही. सुमारे 30 वर्षांनी या सगळ्यांचा माग काढला, तेव्हा मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी आपल्याला उपयोग झाल्याचे सांगितले. नोंदी मात्र उलट बोलत होत्या. पुन्हा गुन्हा करणे, दारूचे व्यसन, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू, या सगळ्यांत मदत मिळालेला गटच पुढे निघाला. लाभार्थ्याला ‘फायदा झाला का’ असे विचारणे म्हणजे मूल्यमापन नव्हे, हे 1978 साली छापलेल्या या निकालांतच दिसले होते. समाधानी लाभार्थ्यांची टक्केवारी अजूनही अहवालांच्या पहिल्या पानावर येते, ही गोष्ट वेगळी.

1968 ते 1982 या काळात अमेरिकेत किमान उत्पन्नाच्या हमीचे चार मोठे प्रयोग झाले. त्यांतला सिएटल-डेन्व्हरचा सर्वांत मोठा, सुमारे 4,800 कुटुंबांचा. ठरलेली रक्कम द्यायची आणि कमाई वाढेल तशी ती ठरलेल्या दराने कमी करायची, अशी रचना होती. लोक काम सोडतील का, हा मुख्य प्रश्न. सिएटल-डेन्व्हरमध्ये नवऱ्यांचे कामाचे तास साधारण 9 टक्क्यांनी आणि बायकांचे साधारण 20 टक्क्यांनी घटले. पण मोजणीतले दोष याच प्रयोगांत उघडे पडले. ज्यांना काहीच मिळत नाही ती तुलना गटातली कुटुंबे पाहणीतून लवकर गळतात, आणि मागे उरलेले दोन गट मग सारखे राहत नाहीत. चारांपैकी गॅरी शहरातल्या प्रयोगात वेगळीच अडचण आली. मिळणारी रक्कम सांगितलेल्या कमाईवर ठरत होती, म्हणून कमाई कमी सांगण्यात लाभार्थी गटाचा फायदा होता. मालकांकडून आलेल्या पगाराच्या नोंदी ताडून पाहिल्यावर कळले, की ‘काम कमी केले’ म्हणून धरलेल्या घटीतला काही भाग ‘कमाई कमी सांगितली’ असा होता.

याच प्रयोगांतून लग्ने मोडण्याचे प्रमाण वाढल्याचा निष्कर्ष निघाला. 1978 मध्ये तो अमेरिकी संसदेपुढील सुनावणीत गाजला आणि हमी उत्पन्नाच्या कल्पनेचा राजकीय पाठिंबा ओसरला. 1990 मध्ये त्याच माहितीची फेरतपासणी करणाऱ्यांनी दाखवले, की पैशाबरोबर प्रशिक्षणही मिळालेली कुटुंबे वेगळी काढली आणि मुले असलेल्या जोडप्यांकडे पाहिले तर हा परिणाम टिकत नाही. मूळ संशोधकांना ते मान्य झाले नाही. धोरणाचा निकाल तोवर कधीच लागून गेला होता. शिवाय विभक्त होणे हा तोटा की सुटका, हे नुसत्या मोजणीतून कळत नाही.

रोजगार प्रशिक्षणात वेगळा धडा मिळाला. माणूस अशा योजनेत येतो तो बहुधा नोकरी गेल्यावर. त्यामुळे प्रवेशाच्या आधीच्या वर्षी त्याची कमाई खाली गेलेली असते आणि ती योजनेविनाही काही प्रमाणात सावरणारच असते. आधीच्या आणि नंतरच्या कमाईची वजाबाकी केली, की हे सावरणे योजनेच्या खात्यावर जमा होते. दीर्घकाळ बेकार राहिलेल्यांना 12 ते 18 महिने काम देणारा, चिठ्ठ्या टाकून निवड केलेला एक कार्यक्रम 1975 मध्ये सुरू झाला होता. 1986 मधल्या एका निबंधात त्याच्या तुलना गटाऐवजी सर्वसाधारण सर्वेक्षणांतले लोक घेऊन संख्याशास्त्राच्या रूढ पद्धतींनी तोच परिणाम काढून पाहिला. उत्तरे पद्धतीगणिक बदलली, काहींत फायद्याच्या जागी मोठा तोटा दिसला. चिठ्ठ्या टाकण्याचा आग्रह धरला जाऊ लागला, त्यामागे हा एक निबंध बराच आहे.

चिठ्ठी टाकली तरी योजना घ्यायची की नाही, हे माणूसच ठरवतो. मूळ वाद इथला आहे. 1994 ते 1998 मध्ये बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क इथल्या सरकारी वसाहतींतली 4,604 कुटुंबे एका घरबदल प्रयोगात घेतली. चिठ्ठीने तीन गट पाडले. पहिल्याला भाड्याच्या मदतीचे कुपन आणि घर शोधायला साहाय्य मिळाले, पण गरिबीचे प्रमाण 10 टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या वस्तीतच वर्षभर राहायची अट होती. दुसऱ्याला बिनअटीचे कुपन, तिसऱ्याला काही नाही. पहिल्या गटातल्या निम्म्याहून थोड्या कमी, म्हणजे साधारण 47 टक्के कुटुंबांनाच त्या कुपनावर घर बदलता आले.

मग तुलना कोणाची करायची? घर बदललेल्यांची तिसऱ्या गटाशी, असे सहज सुचते. इथेच चूक होते. घर बदललेली कुटुंबे आकाराने लहान होती, त्यांतली माणसे तरुण होती, जुन्या वस्तीला अधिक कंटाळलेली होती. ती मुळातच वेगळी. अशी निवडक तुलना केली की चिठ्ठी टाकून मिळवलेले सारखेपण हातचे जाते आणि खर्च करून केलेला सगळा प्रयोग साध्या सर्वेक्षणाच्या पातळीवर येतो.

बरोबर कृती अशी. कुपन मिळालेल्या सर्वांची सरासरी काढायची, घर बदललेले आणि न बदललेले दोघेही धरून. तीतून न मिळालेल्या सर्वांची सरासरी वजा करायची. हा पहिला आकडा. समजा तो 3 टक्केबिंदू आला. योजना घेतलेल्यांपुरता परिणाम हवा असेल तर त्याला 0.47 ने भागायचे, म्हणजे सुमारे 6.4. तुलना गटातल्या काहींनी बाहेरून तशीच सोय मिळवली असेल तर भाजक म्हणून दोन्ही गटांतल्या वापराच्या प्रमाणांमधला फरक घ्यायचा. अमेरिकेतल्या शाळापूर्व शिक्षण योजनेच्या, 2002 मध्ये सुरू झालेल्या पाहणीत तुलना गटातली बरीच मुले दुसऱ्या बालकेंद्रांत जात होती. ‘योजना विरुद्ध घर’ अशी ती तुलना नव्हतीच, तरी तशी वाचली गेली.

या भागाकाराला एक कडक अट आहे: देकार मिळूनही, म्हणजे योजना देऊ केली जाऊनही, ज्यांनी ती घेतली नाही, त्यांच्यावर देकाराचा काहीही परिणाम झालेला नसावा. महिनोन्‌महिने घर शोधून रिकाम्या हाताने परतलेल्या कुटुंबाबद्दल असे म्हणणे धाडसाचे आहे, विशेषतः मनःस्थिती मोजायची असेल तेव्हा. दुसरे असे, की भागाकाराने परिणाम फुगतो तशी त्याची संभाव्य त्रुटीही त्याच पटीत फुगते. मोठा आकडा पहिल्यापेक्षा अधिक खात्रीचा नसतो. आणि सरकारला योजना जाहीर करता येते, घ्यायला लावता येत नाही. तिजोरीतून पैसे काढणाऱ्यासाठी म्हणून पहिलाच आकडा कामाचा. दुसरा परिशिष्टात शोभतो.

कमी सहभागाची किंमत नमुन्याच्या आकारातही मोजावी लागते. सहभाग निम्मा झाला की तेवढ्याच खात्रीसाठी नमुना चौपट लागतो. हैदराबादमध्ये 104 वस्त्यांपैकी निम्म्या चिठ्ठीने निवडून तिथे सूक्ष्मकर्ज देणारी शाखा उघडली गेली. दीड वर्षाच्या आत केलेल्या पाहणीत अशा वस्त्यांतल्या 26.7 टक्के आणि इतर वस्त्यांतल्या 18.3 टक्के कुटुंबांकडे सूक्ष्मकर्ज होते. फरक 8.4 टक्केबिंदूंचा. सहभाग शंभर टक्के असता तर जेवढा नमुना पुरला असता, त्याच्या सुमारे 140 पट इथे हवा (1 भागिले 0.084 चा वर्ग). ‘सूक्ष्मकर्जाने काही फरक पडत नाही’ असे मथळे आले, ते देणाऱ्यांतल्या किती जणांनी हा भागाकार करून पाहिला असेल, शंका आहे.

घरबदल प्रयोगाचा पुढचा प्रवास आर्थिक आणि वैयक्तिक हिताची फारकत दाखवतो. 10 ते 15 वर्षांनंतरही प्रौढांची कमाई वा रोजगार वाढला नव्हता. तीव्र स्थूलता आणि मधुमेह मात्र कमी झाले होते आणि मनःस्वास्थ्य सुधारले होते. 2012 मध्ये काढलेल्या हिशोबानुसार वस्तीतली गरिबी एका प्रमाण विचलनाने (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत, त्याचे माप) कमी झाली, तर स्वतः सांगितलेल्या समाधानातली वाढ वार्षिक उत्पन्नात 13,000 डॉलरचा फरक असलेल्या माणसांमधल्या तफावतीएवढी होती. तुलना गटाचे सरासरी उत्पन्नच 20,000 डॉलरच्या आसपास होते. 2015 मध्ये करनोंदी जोडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली: वयाच्या 13 वर्षांआधी घर बदललेल्या मुलांची पंचविशीतली कमाई 31 टक्क्यांनी जास्त होती. मोठ्या मुलांना फायदा नव्हता, थोडे नुकसानच होते.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात 2008 साली सरकारी आरोग्य विम्याची सोडत निघाली, तिथेही असेच घडले. नाव निघालेल्या अनेकांनी अर्ज पूर्ण केला नाही किंवा ते अपात्र ठरले, त्यामुळे विमाधारकांचे प्रमाण साधारण 25 टक्केबिंदूंनीच वाढले. म्हणजे इथे दुसरा आकडा पहिल्याच्या चौपट. दोन वर्षांनी रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखरेत ठोस फरक आढळला नाही, पण नैराश्य विमा मिळालेल्यांत सुमारे 9 टक्केबिंदूंनी कमी होते आणि उपचारांपायी कंगाल होण्याचे प्रसंग जवळपास संपले होते. योजनेच्या विरोधकांनी रक्तदाब उचलला, समर्थकांनी नैराश्य.

समाधान मोजण्याची पद्धत अलीकडे बरीच एकसारखी झाली आहे. ब्रिटनमध्ये 2011 पासून 0 ते 10 च्या पट्टीवर चार प्रश्न विचारतात: आयुष्याबद्दल समाधान, करतो त्यात अर्थ वाटणे, कालचा आनंद, कालची चिंता. हे प्रश्न प्रश्नावलीत सुरुवातीला घ्यावे लागतात. कर्ज आणि आजारपणाच्या प्रश्नांनंतर तेच विचारले तर उत्तरे खाली येतात. समोर बसून विचारले की फोनवर, यावरूनही ती बदलतात, म्हणून पहिल्या फेरीत समोरासमोर आणि शेवटच्या फेरीत फोनवर असे करता कामा नये. 0.2 प्रमाण विचलनाचा फरक पकडायला दर गटात सुमारे 400 माणसे लागतात, 0.1 चा पकडायला सुमारे 1,600. गावेच्या गावे चिठ्ठीने निवडली असतील तर त्याहून बरीच जास्त. ब्रिटनच्या अर्थखात्याच्या 2021 च्या मार्गदर्शिकेने एका माणसाच्या समाधानातल्या वर्षभराच्या एका गुणाला 2019 च्या किमतींनुसार 13,000 पौंड असे मोल लावले आणि 10,000 ते 16,000 ची मुभा ठेवली. ही मुभाच अनेक योजनांचा निकाल फिरवायला पुरेशी आहे.

दीर्घकाळचा परिणाम बहुधा तुलना गटच नाहीसा झाल्यामुळे निसटतो. मेक्सिकोत 1998 मध्ये अटींसह रोख मदत देताना 506 गावे घेतली होती (केंब्रिज-समरव्हिलच्या मुलांइतकीच, योगायोगाने). 320 गावांना लगेच, उरलेल्या 186 ना सुमारे दीड वर्षाने मदत सुरू झाली. त्यानंतर ‘योजना विरुद्ध काही नाही’ अशी तुलना उरली नाही. फक्त ‘लवकर विरुद्ध उशिरा’ ही उरली, आणि 2003 च्या पाहणीसाठी साधर्म्य पाहून नवी गावे शोधावी लागली. घरबदल प्रयोगात 2015 ची मोजणी शक्य झाली, कारण मुलांच्या ओळख क्रमांकांवरून त्यांच्या करनोंदी सापडत होत्या. पहिल्या पाहणीतच नोंदी जोडण्याची लेखी संमती आणि ओळख क्रमांक घेऊन ते उत्तरांपासून वेगळ्या कुलूपबंद यादीत ठेवायला दर माणशी काही मिनिटे लागतात. निधी मात्र बहुतेक मूल्यमापनांना तीन वर्षांचाच मिळतो, आणि प्रश्नावली लांबली की आधी हाच भाग कापला जातो.