हुबेहूब पोशाख आणि इमानी पोशाख

सुपरहिरोच्या नव्या सिनेमाचा पहिला फोटो आला की निवाडा सुरू होतो: पोशाख कॉमिक्ससारखा आहे की नाही? खरं तर इथे दोन प्रश्नांची गल्लत होते. पोशाख चित्राबरहुकूम आहे का, हा एक. चित्रात तो जे काम करायचा ते पडद्यावर करतो का, हा दुसरा. पहिल्याला हुबेहूबपणा म्हणू, दुसऱ्याला इमान.

सुपरमॅनच घ्या. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात त्याला आणला, तोच लाल चड्डीसकट. 'पँटवरून चड्डी घालणारा' म्हणून आपण त्याची भरपूर टिंगल केली, पण त्या काळी सर्कशीतले ताकदीचे खेळ करणारे पैलवान असेच कपडे घालत. वाचकाला एका नजरेत कळायचं, गडी बलदंड आहे. शिवाय छाती ते पाय सलग निळा रंग असता तर चित्र सपाट दिसलं असतं. मधला लाल पट्टा ते तोडतो.

आता एक मजेशीर उदाहरण. १९५२ साली सुरू झालेल्या टीव्ही मालिकेत जॉर्ज रीव्ह्ज सुपरमॅन होता आणि सुरुवातीचे सीझन कृष्णधवल होते. कृष्णधवल फिल्मवर लाल आणि निळा जवळपास सारखेच करडे दिसण्याचा धोका. म्हणून त्याला चक्क करड्या-तपकिरी रंगाचा पोशाख शिवला. सेटवर जाऊन पाहिलं असतं तर कुणीही म्हणालं असतं, हा कसला सुपरमॅन? पडद्यावर मात्र छातीवरचं चिन्ह, केप, चड्डी, सगळं सुटं आणि ठसठशीत. हुबेहूबपणा शून्य, इमान शंभर टक्के.

याच्या उलट २००६ चा 'सुपरमॅन रिटर्न्स'. चड्डी आहे, पट्टा आहे, केप आहे. यादीत कमी काही नाही. पण लाल रंग इतका गडद केला की तो मरूनकडे झुकला, आणि त्याबरोबर पोशाखातला उजळपणाही गेला. मला तो पोशाख कायम जरा दुःखी वाटत आला आहे.

२०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये हेन्री कॅव्हिलची चड्डी गेली तेव्हा जुने चाहते खवळले. गंमत अशी की सुपरमॅनची कॉमिक्स काढणाऱ्या डीसी कंपनीने कॉमिक्समधूनच ती २०११ साली काढली होती. म्हणजे त्या घडीच्या चित्रांशी ताडलं तर सिनेमा बरोबर होता! पुढे २०१८ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या हजाराव्या अंकात चड्डी परत आली. हुबेहूब म्हणताना नेमक्या कुठल्या सालच्या चित्राशी, हे आधी ठरवावं लागतं.

२०२५ च्या सिनेमात ती पडद्यावरही परतली. दिग्दर्शक जेम्स गन यांचं मन आधी तयार नव्हतं. अभिनेता डेव्हिड कोरेन्स्वेटने ते वळवलं. त्याचा मुद्दा असा की परग्रहावरून आलेल्या, प्रचंड ताकदीच्या माणसाला पोरांनी आपल्याला घाबरू नये असं वाटत असेल, तर तो असाच रंगीबेरंगी कपडा घालेल. या पोशाखाची उंच कॉलर आणि जाड शिवणी १९७८ च्या सिनेमातला सुपरमॅन ख्रिस्तोफर रीव्ह याच्या पोशाखात शोधून सापडणार नाहीत. तरी मी त्याला इमानी म्हणेन, कारण चड्डी इथे आठवण म्हणून चिकटवलेली नाही. ती घालायला पात्राकडे स्वतःचं कारण आहे.

बॅटमॅनचं काम अंधारात उभं राहून घाबरवण्याचं. कॉमिक्समध्ये त्याचे कपडे करडे-निळे. १९८९ च्या सिनेमात बॅटमॅन झालेल्या मायकेल कीटनला काळं रबर चढवलं. त्यात मान वळेना, म्हणून तो अख्खं धड वळवून बघायचा, आणि ते भलतंच भीतिदायक दिसलं.

कॉमिक्समध्ये पिवळा पोशाख घालणाऱ्या वुल्व्हरिनची गोष्ट जरा वेगळी. २००० च्या 'एक्स-मेन'मध्ये त्याला काळं लेदर दिलं आणि वर पिवळ्या कपड्यांवर एक टोमणाही मारला. खरा पिवळा पोशाख ही भूमिका करणाऱ्या ह्यू जॅकमनला मिळाला तो थेट २०२४ च्या सिनेमात. इतकी वर्षं थांबलेल्यांना तिथे हुबेहूबपणाच हवा होता, आणि तो दिलाही. फक्त मुखवटा शेवटच्या हाणामारीपर्यंत राखून ठेवला. बरं केलं, जॅकमनचा चेहरा झाकला की निम्मा वुल्व्हरिन झाकला जातो.