पाय सुटले तर दोर सोड

पहाटेच्या काळोखात माझ्या हातात दोराचं टोक देऊन ताई म्हणाली, “हाताला गुंडाळू नकोस. आणि पाय जमिनीवरून सुटले तर त्याच क्षणी दोर सोड. विचार करत थांबू नकोस.” त्याआधी तिने माझं सिंथेटिक जॅकेट काढायला लावून स्वतःचं जुनं सुती जॅकेट अंगावर चढवलं होतं. आगीची ठिणगी पडली तर सुती कापड जळतं, सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्कीला राहते आणि दर ऑक्टोबरात तिथल्या बलून महोत्सवात, म्हणजे माणसांना घेऊन उडणाऱ्या गरम हवेच्या फुग्यांच्या महोत्सवात, एका पायलटच्या क्रूमध्ये काम करते. १९७२ साली एका मॉलच्या पार्किंगमध्ये १३ फुगे जमले होते, तिथून हा महोत्सव सुरू झाला. २००० साली हजाराहून अधिक फुगे आले. आता संख्येवर मर्यादा घातली आहे, तरी पाचशेच्या आसपास फुगे नऊ दिवस उडतात. एका फुग्यामागे जमिनीवर राबणारी चार-पाच माणसं तरी लागतात. त्यांतली एक मी.

फुगा एका मोठ्या पिशवीत कोंबलेला असतो. आमच्या फुग्याचं नुसतं कापड शंभर किलोच्या घरात. शिवाय वेताची टोपली, बर्नर, गॅसचे सिलिंडर. आम्ही पिशवी ओढत नेली, कापड वाऱ्याच्या दिशेने लांब पसरलं आणि टोपली आडवी पाडून त्याला जोडली. मग पेट्रोलवर चालणारा पंखा लावला. दोघांनी फुग्याचं तोंड फाकवून धरलं आणि थंड हवा आत शिरू लागली. मी दुसऱ्या टोकाला, फुग्याच्या माथ्याला बांधलेला दोर धरून उभा. अर्धवट भरलेला फुगा लोळू नये आणि गरम झाल्यावर एकदम उसळी मारून उभा राहू नये, एवढंच माझं काम.

मग पायलटने बर्नर पेटवला.

घरच्या गॅसच्या शेगडीला सिलिंडरच्या वरच्या भागातून वायू मिळतो. इथे सिलिंडरच्या तळाशी पोचणाऱ्या नळीतून द्रव प्रोपेन येतो, ज्योतीभोवतीच्या वेटोळ्यात तापून त्याचा वायू होतो आणि मग तो जळतो. एका बर्नरची ताकद साधारण तीन मेगावॉट, म्हणजे घरच्या शेगडीच्या हजारपट. या ज्योतीला इंधन लोटणारा पंप नसतो, सिलिंडरमधल्या प्रोपेनचा स्वतःचा दाबच त्याला बाहेर ढकलतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, म्हणून अल्बुकर्कीच्या थंडीतही दाब असतोच, पण तो कमी होतो आणि ज्योत लहान पडते. म्हणून थंडीत काही पायलट सिलिंडरमध्ये नायट्रोजन भरून दाब वाढवतात.

ज्योत आत गेली आणि लोळणारं कापड हळूहळू उभं राहू लागलं. दोर माझ्या हातात ताणला गेला. वस्तूने बाजूला सारलेल्या हवेच्या वजनाइतकी उचल तिला मिळते, हा शाळेपासून पाठ असलेला आर्किमिडीजचा नियम मला त्या क्षणी तळहातांत कळला.

आमच्या फुग्याचं आकारमान सुमारे २,२०० घनमीटर. अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथली हवा मुळातच विरळ. पहाटेच्या ७ अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेचं वजन १.०५ किलोच्या आसपास भरतं. फुग्यातली हवा ९० अंशांपर्यंत तापवली की ते ०.८१ किलोवर येतं. फरक जेमतेम पाव किलोचा, प्रत्येक घनमीटरमागे. पण २,२०० घनमीटरने गुणलं की सव्वापाचशे किलो होतात. त्यातच कापड, टोपली, बर्नर, सिलिंडर आणि तीन माणसं बसवायची. हाच फुगा मुंबईच्या समुद्रकिनारी, तितक्याच गार हवेत नेला असता, तर त्याने आणखी शंभर किलो उचलले असते.

महोत्सव ऑक्टोबरात आणि उड्डाण भल्या पहाटे का, याचं उत्तर याच हिशेबात आहे. दुपारी बाहेरची हवा २५ अंशांवर गेली की आतल्या-बाहेरच्या हवेतला फरक घटतो आणि तोच फुगा चारशे किलोसुद्धा उचलत नाही. आतली हवा आणखी तापवून ही तूट भरून काढायलाही मर्यादा आहे. नायलॉनला सतत १२० अंशांच्या वर ठेवलं तर ते लवकर कुजतं, म्हणून माथ्याजवळच्या तापमानावर पायलटचं लक्ष असतं. तोंडाजवळचा झग्यासारखा घेर मात्र आगीला दाद न देणाऱ्या कापडाचा असतो, कारण ज्योत तिथूनच जाते.

१७८३ साली फ्रान्समध्ये मोंगोल्फिए बंधूंनी कागद-कापडाचा फुगा उडवला, तेव्हा त्यांची समजूत होती की धुरातच उचलून नेणारं काहीतरी असतं. त्या वर्षी १९ सप्टेंबरला व्हर्सायमध्ये मेंढी, बदक आणि कोंबडा वर गेले आणि २१ नोव्हेंबरला पॅरिसवरून दोन माणसं उडाली. आपण वापरतो ते तंत्र खूप अलीकडचं. १९६० च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या नेब्रास्कात एड योस्ट यांनी नायलॉनचा फुगा आणि प्रोपेनचा बर्नर घेऊन उड्डाण केलं. विरळ हवेतल्या उड्डाणाचं सर्वांत धाडसी उदाहरण मात्र आपल्या घरचं आहे. २६ नोव्हेंबर २००५ रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया मुंबईहून निघून २१,०२७ मीटर उंचीवर पोचले. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सोळाव्या हिश्श्याइतकी. म्हणून त्यांचा फुगा तब्बल १६ लाख घनफुटांचा होता, म्हणजे आमच्या फुग्याच्या वीसपट, आणि टोपलीच्या जागी हवाबंद केबिन होती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, ताईच्या पहिल्या वाक्याकडे.

फुगा उभा राहिला. आम्ही चौघं टोपलीच्या काठावर हात ठेवून भार देत होतो. पायलट म्हणाला, “हात हलके करा.” केले. टोपली किंचित वर आली आणि तरंगत राहिली. मी एका बोटाने तिला दाबून पाहिलं, तर ती खाली आली. इतक्या माणसा-सामानाची टोपली एका बोटाने! हे माझ्या डोक्यात इतकं भिनलं की वाऱ्याची झुळूक आल्यावर ती बाजूला सरकू लागली, तेव्हा मी सहज हात पुढे करून तिला थोपवायला गेलो. ताईने माझा दंड धरून मला मागे ओढलं.

तरंगणाऱ्या फुग्याचं वजन हाताला शून्य जाणवतं. वस्तुमान शून्य नसतं. तो तरंगतो याचा अर्थच असा की त्याचं एकूण वस्तुमान त्याने बाजूला सारलेल्या हवेइतकं आहे. टोपली, माणसं, कापड मिळून सव्वापाचशे किलो, आणि आत कोंडलेली गरम हवा पावणेदोन टनांच्या वर. एकूण जवळजवळ २.३ टन. ही आतली हवा आपण हिशेबात धरायला विसरतो, कारण हवेला वजन असतं हे मनाला पटत नाही. पण फुगा सरकू लागला की तीही त्याच्याबरोबर सरकते. माणसाच्या चालण्याच्या वेगाने येणारी मोठी गाडी छातीने अडवायला कुणी उभं राहत नाही. मी नेमकं तेच करत होतो. वजन पृथ्वी ओढते म्हणून जाणवतं, जडत्व मात्र ढकलाढकलीत जाणवतं. वजन न जाणवणारी एवढी मोठी वस्तू आयुष्यात क्वचितच हाताशी येते, म्हणून आपला अंदाज चुकतो.

दोराच्या बाबतीत धोका आणखी सरळ आहे. पाय उचलले गेले त्या क्षणी आपण अर्धा फूट उंचीवर असतो, तिथून पडलं तर फार तर गुडघा खरचटेल. दोन सेकंद विचार केला तर दोन मजले उंची होऊ शकते. आणि मग सोडणंही अवघड.

यात आणखी एक फसवणूक असते. जमिनीवर धरून ठेवलेल्या फुग्याच्या माथ्यावरून वारा वाहतो, तेव्हा तिथला दाब घटतो आणि फुग्याला जादा उचल मिळते. पायलटला वाटतं, पुरेसा तापला. सोडून दिल्यावर फुगा वाऱ्याबरोबर वाहू लागतो, वरून जाणारा तो वारा उरत नाही, उचल नाहीशी होते आणि फुगा शेजारच्या फुग्यांकडे खाली येऊ लागतो. म्हणून वारा असेल तर पायलट सुटण्याआधी जास्त उष्णता देऊन घेतो.

आमच्यासमोर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेली बाई उभी होती. अशा लोकांना तिथे सगळे झेब्रा म्हणतात. पायलटला स्वतःच्या फुग्याच्या वरचं आकाश दिसत नाही, म्हणून वर पाहून परवानगी झेब्रा देते. हवेतही हेच तत्त्व लागू आहे. खालच्या फुग्याला वाट द्यायची जबाबदारी वरच्याची, कारण दिसतं फक्त वरच्याला. झेब्राने अंगठा दाखवला आणि आमचा फुगा गेला.

मग आमची धावपळ. ट्रेलर जोडलेली गाडी, हातात रेडिओ, मान खिडकीबाहेर. फुग्याला सुकाणू नसतं, पण उंची बदलता येते आणि वेगवेगळ्या उंचीवर वारे वेगवेगळ्या दिशांनी वाहतात. अल्बुकर्कीचं नाव झालं ते यामुळेच. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन रिओ ग्रँड नदीच्या खोऱ्यातून उताराने, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे, पाण्यासारखी वाहत येते. तिच्या काहीशे फूट वर मात्र पुष्कळदा दक्षिणेकडून उत्तरेकडे वारा असतो. खालच्या थरातून दक्षिणेला जायचं, वर चढून उत्तरेला परतायचं, पुन्हा खाली उतरायचं. तिथले लोक याला ‘बॉक्स’ म्हणतात. त्या दिवशी आमचा पायलट दोनदा अशी फेरी मारून निघाला तिथून फार दूर नसलेल्या एका मोकळ्या प्लॉटवर उतरला. सूर्य वर आला की जमीन तापते, थर एकमेकांत मिसळतात आणि हा खेळ संपतो.

उतरताना टोपली एकदा आपटली, थोडी फरफटली आणि थांबली. वेताची टोपली अजून टिकून आहे ती यासाठीच. वेत वाकतो, करकरतो आणि धक्का स्वतःत जिरवतो. पायलटने लाल दोर ओढला, माथ्यावरची झडप उघडली आणि पावणेदोन टन हवा काही मिनिटांत आकाशात मिसळून गेली. आम्ही कापडावर लोळून उरलीसुरली हवा बाहेर काढली. चेहऱ्यावर येणारी ती हवा अजून कोमट होती.

पिशवी ट्रेलरमध्ये चढवायला चौघं लागलो. ती सकाळपेक्षा जड वाटत होती, मी दमलो असेन म्हणून असेल असं मला वाटलं. ताईने मला कापडाची कड चाचपायला लावली. पहाटे गवतावर पसरलेलं असताना त्याने दव पिऊन घेतलं होतं. ओलं तसंच ठेवलं तर बुरशी धरते. म्हणून दुपारी जेवण झाल्यावर आम्ही सगळा फुगा पुन्हा बाहेर काढला आणि उन्हात पसरला.